लिंबाच्या रोपाचा सत्कार

कोल्हापुरात उतरलो आणि आधी कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध प्यायलो. गवळी म्हणाला, "आणि एक पेला घ्या की पावणं, तुमच्याकडं असलं न्हाय मिळत." मी घेतला. पुढच्या उत्साहाचं खापर मी त्या दुसऱ्या पेल्यावर फोडतो.

माझी मावसबहीण सुनंदा कळंब्याच्या एका शाळेत चौथीला शिकवते. तिचा निसर्गाचा तास तळ्याकाठी भरतो आणि पुस्तकं दप्तरातच राहतात. मुलं चिखल उकरत होती, शेवाळ हुंगत होती, भाकरीचा तुकडा ठेवून मुंग्यांची वाट बघत होती. मीही गुडघे टेकले. पँटचे डाग अजून गेलेले नाहीत.

तनुजा नावाची मुलगी कानाशी येऊन म्हणाली, "वर्गातल्या लिंबाच्या रोपावर माझा कोष हाय. काळा पडलाय. म्हंजे आज फुलपाखरू निघतंय बघा." अळी होती तेव्हापासून तिनंच ती सांभाळली होती. याआधीचं फुलपाखरू रविवारी निघालं, शाळेला कुलूप असताना. या वेळी तिला ते चुकवायचं नव्हतं.

आम्ही वर्गात धावलो. खिडकीत कुंडीच नव्हती!

त्या दिवशी शाळेच्या 'निसर्ग कोपऱ्या'चं उद्घाटन होतं. पुष्पगुच्छाऐवजी रोप देऊन सत्कार करायचा, ही हल्लीची रीत. नवी रोपं वेळेत आली नाहीत, म्हणून मुख्याध्यापकांनी हाताला लागलेलं रोप उचललं. निसर्ग कोपऱ्याच्या उद्घाटनाला निसर्ग कोपराच दान!

मंडपात प्रमुख पाहुणे फेटा बांधून, शाल पांघरून, कुंडी छातीशी धरून माइकसमोर उभे होते. "आजच्या पिढीला निसर्गाकडे बघायला..."

"सायेब, हलू नगा!" तनुजा मंचावर पोचलीसुद्धा. "माझा कोष हाय त्यात!"

"ए पोरी, खाली उतर!" मुख्याध्यापक ओरडले.

"सर, तुम्ही बी हलू नगा!"

कोष तडकला. काहीतरी ओलं, चुरगळलेलं बाहेर आलं आणि फांदीला लोंबकळलं. सगळी शाळा मंचावर. फुलपाखरानं शालीवर लालसर थेंब सोडला.

"मुतलं!" मागून आवाज आला.

"गप रं! बाहेर आल्यावर सोडतंयच ते," तनुजानं माइकवर खुलासा केला. मग पंख कसे भरतात, कसे वाळतात, हेही तिनंच सांगितलं. पाहुणे पुतळ्यासारखे उभे. शेवटी फुलपाखरू उडालं, फेट्याच्या तुऱ्यावर क्षणभर बसलं आणि मंडपाबाहेर गेलं. मी टाळ्या वाजवत चक्क उड्या मारत होतो.

पाहुण्यांनी हळूच विचारलं, "आता हलू का?"

"हला की."

सत्कार-समारंभांचं मला वावडं आहे. पण अर्ध्यात थांबलेलं ते भाषण मी ऐकलेल्या भाषणांत सर्वांत उत्तम होतं.

उशिरा आलेल्या रोपांपैकी लिंबाचं एक माझ्याही पदरात पडलं. तनुजानं त्याचं पान उलटून दाखवलं. "अंडं हाय. सांभाळून न्या."

परतीच्या एसटीत शेजारचे आजोबा म्हणाले, "पावणं, जरा सरका की." मी पानामागचा पिवळा ठिपका दाखवला.

आजोबाच सरकले.