आमच्या समक्ष

हिंगोलीत मी शाळामास्तर होतो आणि गुपचूप बातमीदारही होतो. गुपचूप म्हणजे निजामाच्या अंमलदारांपासून. गावात हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. तेव्हा वऱ्हाडातून एक मराठी साप्ताहिक निघायचं. त्यात माझं लिहिलेलं ‘आमच्या हिंगोलीच्या बातमीदाराकडून’ एवढ्याच मथळ्याखाली छापून यायचं. ती ओळ मी अंक घडी घालण्याआधी दोनदा वाचत असे.

इथल्या टपालात पत्र टाकलं तर फोडलं जाण्याची भीती. म्हणून ते गुरुवारी सकाळच्या गाडीच्या गार्डाकडे द्यायचं, मग तो ते निजामाच्या हद्दीपलीकडच्या स्टेशनात पेटीत टाकायचा. अंक शनिवारी निघायचा. गुरुवारची गाडी चुकली की बातमी आठवडाभर शिळी. त्यामुळे सभा, सत्कार, कीर्तन, जे काही व्हायचं असेल त्याची हकीकत आधीच लिहून ठेवायची आमची पद्धत होती. ‘कार्यक्रम शांततेत पार पडला’ हे वाक्य कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी लिहिताना काही वाटत नसे.

संपादकांची एकच अट होती, ऐकीव बातमी चालणार नाही. आम्ही त्यावर तोड काढली होती. प्रत्येक बातमीत ‘आमच्या समक्ष’ हे दोन शब्द घालायचे. पुसेगावला गारा पडल्या तेव्हा मी हिंगोलीत चौथीला त्रैराशिक शिकवत होतो, तरी त्या गारा आमच्या समक्ष पडल्या.

ही सवय होती. पुढं जे झालं ते या सवयीतूनच झालं, एवढं मी म्हणतो. तेही सबब म्हणून नव्हे.

स्टेशनजवळच्या मोकळ्या मैदानात सिनेमाचा तंबू यायचा. त्याची मशीन चालवणारे गृहस्थ आमच्याच गावचे होते, मुसलमान, माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे. पूर्वी ते गॅसबत्त्या दुरुस्त करायचे. मशीनचं काम कुणाकडून तरी बघून शिकले आणि त्यात इतके तयार झाले, की तंबूचे मालक त्यांना गावोगाव बरोबर नेत. मी त्यांना चाचा म्हणायचो. एका बुधवारी पहिला खेळ होता. मी ‘खेळास अलोट गर्दी लोटली’ असं दुपारीच लिहून ठेवलं आणि डोकं दुखत होतं म्हणून घरीच पडलो.

त्या खेळाला तंबू पेटला.

गुरुवारी उजाडताच तंबूचे मालक माझ्या ओसरीवर. मला नेहमी खुर्चीची जागा फुकट देणारा माणूस. चहा घेता घेता म्हणाले, “मास्तर, काल दिसले न्हाई तुमी. बरं झालं, लई पळापळ झाली. आमच्या मशीनवाल्यानं बिडी शिलगावली फिल्मपाशी. आता काय करावं, वय झालं त्याचं.”

“कुणाला लागलं का?”

“लोक निघाले बाहेर. त्याचाच हात भाजला.”

गाडीला अर्धा तास होता. मी कालचा कागद फाडला, नवा लिहिला. मशीनवाल्याने निष्काळजीपणे बिडी ओढल्याने आमच्या समक्ष आग लागली. गार्डाच्या हातात पत्र दिलं आणि शाळेत गेलो.

संपादकांनी ते पहिल्या पानावर घेतलं. तोवर बाजारात मला तीन वेगवेगळ्या माणसांनी खरी हकीकत सांगितली होती. मालकांनी कुठून तरी जुनी, ठिकठिकाणी जोडलेली फिल्म आणली होती. ही मशीनमध्ये अडकणार, चालवू नका, असं चाचा दुपारपासून म्हणत होते. ती अडकली आणि पेटली. तेव्हाची फिल्म कापरासारखी पेटायची. पेटती फिल्म चाचांनी हातानं ओढून बाहेर फेकली, म्हणून लोकांना निघायला वेळ मिळाला.

आठवड्यानं चाचा आले. हाताला कोपरापर्यंत फडकं गुंडाळलेलं.

“मास्तर, तुमी तिथं व्हते का?”

“न्हाई.”

“मी बिडी पितच न्हाई. अख्ख्या गल्लीला मालूम हाय.”

“मला मालकांनी सांगितलं, चाचा.”

“मग मालकानं सांगितलं असं लिवा ना. तुमच्या समक्ष काहून लिवलं?”

ते भांडायला आले नव्हते. अकोल्याला एका टॉकीजमध्ये मशीनवर माणूस हवा होता. ते भाजल्या हातानं तिथं जाऊन आले होते. तिथल्या मालकानं साप्ताहिक पुढं टाकलं आणि म्हणाला, पेपरात आलंय, पेपरातच खोडून आण, जागा ठेवतो.

“दोन ओळी लिवा, मास्तर. जास्त नको.”

मी कबूल केलं आणि त्याच संध्याकाळी दुरुस्ती लिहिलीही. पण ती पाठवायची म्हणजे आपण तिथं नव्हतो हे संपादकांना कळवायचं. मग गारांचंही कळणार, सभांचंही. ‘आमचा बातमीदार’ संपणार. गुरुवारी तो कागद खिशात घेऊन मी स्टेशनावर गेलो आणि खिशातच घेऊन परत आलो.

चाचांना उर्दू वाचता यायचं, मराठी नाही. अंक सोमवारी गावात पोचायचा. सोमवारी शाळा सुटली की ते माझ्याकडे यायचे, भिंतीला टेकून बसायचे.

“बघा बरं, माझं आलं का?”

मी पान पान वाचून दाखवायचो. हळदीचे भाव, कुणाचं निधन, सत्यनारायणाचं आमंत्रण. जे मी पाठवलंच नव्हतं ते शोधत मी त्यांच्यासमोर शेवटच्या जाहिरातीपर्यंत जायचो.

“न्हाई आलं, चाचा.”

“जागा नसंल त्याला. पुढल्या वख्ताला येईल.” संपादकाची बाजूही तेच घ्यायचे. अकोल्याच्या टॉकीजमध्ये दुसरा माणूस लागला, तरी ते येत राहिले. पुन्हा गॅसबत्त्या घेऊन बसले होते. दोन बोटं वळत नव्हती, तर पिन दातात धरून काम करायचे. एकदा मी म्हणालो, आता कशाला येता, जागा तर गेली. म्हणाले, “जागा गेली. पन नाव तर तिथंच हाय ना छापलेलं.”

असे किती सोमवार गेले ते मला सांगता येणार नाही. वर्षाहून जास्त.

मग दुसरा एक तंबू आला. चित्रपट एका पत्रकाराचा होता. तो खोटी बातमी छापतो, एक कुटुंब देशोधडीला लागतं, खुलाशाचं पत्र तो टेबलाच्या खणात दडवतो आणि शेवटी भर कोर्टात सारं कबूल करतो. लोक त्याला हार घालतात. मी याचं परीक्षण पद्धतीप्रमाणे आधीच पाठवून दिलं होतं. खोटेपणावर कोरडे ओढणारा बोलपट, प्रत्येक पत्रकाराने पाहावा, आमच्या समक्ष प्रेक्षकांचे डोळे पाणावले. एवढं लिहून झाल्यावर मी तो पाहायला गेलो.

चाचा पुढं सतरंजीवर बसले होते. खणाचा प्रसंग आला तेव्हा त्यांनी मागं वळून खुर्च्यांकडे पाहिलं. अंधारात मी त्यांना दिसलो असेन की नाही, कोण जाणे. बाहेर पडताना दाराशी गाठ पडली.

“हिरोनं तीन घंट्यात कबूल केलं, मास्तर,” ते म्हणाले. “चांगला माणूस हाय.”

“चाचा, मी...”

“पाठवलंच न्हाई ना?”

मी मान हलवली. ते थोडे हसल्यासारखे झाले. “फुकट चालवलं म्हातार्‍याला. हळदीचा भाव मला पाठ झाला बघा.”

त्या सोमवारी ते आले नाहीत. पुन्हा कधीच आले नाहीत. त्यांच्या दुकानावरून जाताना मी सलाम करायचो, ते घेत. माझी बत्तीही एकदा दुरुस्त करून दिली. निजामाचं राज्य गेलं त्या अठ्ठेचाळीसच्या गडबडीत बरेच लोक गाव सोडून गेले, त्यात तेही गेले. कुठं गेले ते शेजार्‍यांनाही सांगता आलं नाही. साप्ताहिक त्याआधीच बंद पडलं होतं.

मला कुणी हार घालावा म्हणून हे लिहीत नाही. हा मजकूर ज्यांच्या हाती जाईल त्यांनी खालच्या दोन ओळी तेवढ्या खर्‍या धराव्यात. आमच्या गल्लीतल्या निवृत्त उर्दू शिक्षकांकडून त्या मी उर्दूतही लिहून घेतल्या आहेत. त्या याच्यासोबत छापाव्यात, म्हणजे त्या घरातल्या कुणाच्या हाती हे पडलं तर माझ्यासारख्याला वाचायला बसवावं लागणार नाही.

दुरुस्ती: हिंगोलीस सिनेमाच्या तंबूला आग लागली तेव्हा आमचा बातमीदार तेथे हजर नव्हता. मशीनवाले बिडी ओढत नव्हते. जुनी फिल्म अडकून पेटली आणि त्यांनी ती स्वतःच्या हाताने ओढून बाहेर टाकली.