विड्याच्या पानावरचा डॉलर

चांदी काळी पडते हे सगळ्यांना ठाऊक असते. काळी पडण्याआधी ती कोणकोणत्या रंगांतून जाते, हे पाहायला मात्र फारसे कोणी थांबत नाही. मी थांबते. जळगावच्या प्रयोगशाळेत धातूंवर बसणाऱ्या पातळ थरांचा अभ्यास हे माझे काम, आणि रंग चढलेली चांदीची नाणी जमवणे हा त्याच कामाचा सुटीच्या दिवशीचा विस्तार. हवेतला, कागदातला, कापडातला गंधक चांदीशी संयोग पावतो आणि तिच्यावर इतका तलम पापुद्रा धरतो, की त्याच्या दोन्ही बाजूंनी परतणारा प्रकाश एकमेकांत गुंततो. थर कोवळा असताना सोनेरी, मग तांबूस जांभळा, मग निळा. आणखी वाढला की पुन्हा पिवळा, गुलाबी, हिरवा. निसर्ग हा क्रम मोडत नाही. घाईने वाफ देऊन रंगवलेल्या नाण्यावर मधलेच रंग गळालेले असतात. जाणकार किंमत देतात ती या क्रमाला, आणि रंगाखाली टाकसाळीतली मूळ झळाळी शाबूत असण्याला. ती झळाळी एकदा घासली गेली, की कोणत्याही उपायाने परत येत नाही.

मी पाहिलेला सर्वांत सुंदर डॉलर माझ्या संग्रहात नाही. तो पारोळ्याला अक्काकडे आहे. अक्का म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. जळगावहून धुळ्याला घरी जाताना पारोळा वाटेतच लागते, त्यामुळे माझे निम्मे बालपण आणि बहुतेक सगळे शनिवार तिच्या ओट्यावर गेले. तिचा मुलगा अमेरिकेत नोकरी करतो. पहिल्यांदा परत आला तेव्हा त्याने आईसाठी तिथला जुना चांदीचा डॉलर आणला होता: जड, पांढराशुभ्र, मुकुट घातलेल्या एका स्त्रीचा चेहरा असलेला.

अक्काकडे लक्ष्मीपूजनाचे चांदीचे रुपये आहेत. दर दिवाळीला ते चिंचेच्या कोळात भिजतात, राखेने घासले जातात आणि लखलखीत होऊन पाटावर बसतात. इतक्या दिवाळ्यांनंतर त्यांच्यावरच्या राजाचे नाक सपाट झाले आहे. डॉलर मात्र त्या आंघोळीतून सुटला. “ही बाई कोन, कुठली, माले काय ठाऊक?” असे म्हणून अक्काने तो पूजेत घेतलाच नव्हता. साडीच्या खोक्यातल्या पातळ कागदात गुंडाळून तो कपाटात, लुगड्यांच्या थरांमध्ये ठेवून दिला.

गेल्या दिवाळीच्या आधी तिने माझ्यादेखत ती पुडी सोडली. दुपार कलली होती, उन्हाची तिरीप उंबऱ्यापर्यंत आली होती. कागदाच्या दुमडीला एका बाजूने फट राहिली असावी, कारण त्या कडेला रंगाची चंद्रकोर उमटली होती. कडेला हिरवा, आत गुलाबी, मग पिवळा, मग त्या स्त्रीच्या केसांवरून उतरत गेलेला गडद निळा, गालावर जांभळा, आणि कपाळाशी कोवळे सोनेरी. सगळा क्रम जागच्या जागी. धुळ्याजवळच्या सोनगीरच्या किल्ल्यामागे दिवस मावळताना आभाळ असे पायरी पायरीने उतरते. इथे ते तळहातावर मावत होते.

“दख, कसं काळं पडी गयं,” अक्का म्हणाली. शेजारच्या वाटीत चिंच भिजत होती.

“अक्का, याला चिंच लावू नको.”

“मंग काय लावू?”

“काहीच नाही.”

“काहीच नही? इतकी शिकनी, आणि काहीच नही?”

मग खरे कारण निघाले: मुलगा दिवाळीला येणार होता, आणि त्याच्यासमोर डॉलर पूजेत मांडायचा होता. “परवा तो येई ऱ्हायना. त्याले काय वाटी? मायनी जपं नही.”

मला तो डॉलर वाचवायचा होता. खरे सांगायचे तर मला तो हवाही होता. जळगावच्या नाणेप्रदर्शनात तो मांडण्याचे स्वप्न मी त्या क्षणी पुरते रंगवून टाकले होते. मी तसे सुचवलेही. “तुले देसू, तं त्याले काय दाखाडू?” एवढ्यावर ते स्वप्न मिटले.

मी धुतलेला एक रुपया आणि डॉलर उन्हात शेजारी शेजारी धरले आणि हळूहळू कलवले. रुपया पांढरा आणि मख्ख राहिला. डॉलरवर मात्र रंगांच्या खालून उजेडाचे आरे फिरू लागले, जणू कोणी आतून चाक फिरवते आहे. घासले तर हे चाक थांबेल, एवढेच मी सांगितले. अक्काने डॉलर स्वतःच्या हातात घेतला आणि बराच वेळ कलवत राहिली.

“पन देवफुडे बिनधोयेल कसं ठेवानं?”

मग चिंचेची वाटी तिने फक्त रुपयांकडे ओढली.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तिचा मुलगा पाटाशेजारी बसला होता. एका ताटात शुभ्र रुपये, आणि त्यांच्यापासून जरा दूर, विड्याच्या पानावर तो डॉलर. हळदकुंकू अक्काने रुपयांना वाहिले. डॉलरच्या वेळी बोट नाण्याला न लावता पानाच्या टोकाला टेकवले.

पूजा आटोपल्यावर त्याने डॉलर उचलला. “हा तर पांढरा होता. कोणी रंगवला?”

“कोनी नही,” अक्का म्हणाली. “तू गया तवयपासून व्हई ऱ्हायना.”

तो गेल्यापासून चढत आलेले ते रंग त्याने डोळ्यांजवळ धरले. त्याचा अंगठा त्या निळ्यावर घट्ट दाबला गेला होता. “कडेने धर, दादा,” मी म्हणाले, पण उशीर झाला होता. बोटाच्या तेलाचा ठसा आज दिसत नाही. तो हळूहळू वर येतो. ताजा असताना शुद्ध अॅसिटोन या द्रावकाने तो रंगाला धक्का न लावता उतरवता येतो, आणि दुसऱ्या दिवशी जळगावहून बाटली आणायची तयारी मी दाखवली.

“ऱ्हाऊ दे,” अक्का म्हणाली.

यंदा तो आला नाही. सुटी मिळाली नाही. लक्ष्मीपूजनाच्या आधी अक्काने पुडी सोडून माझ्यापुढे धरली आणि माझ्या भिंगाची वाट पाहिली. निळ्याच्या मधोमध अंगठ्याच्या तपकिरी रेषा उमटल्या होत्या, एकीच्या आत एक, विहिरीत खडा पडल्यावर उठतात तशा. प्रदर्शनात परीक्षकाने हा डॉलर हातात घेऊन लगेच बाजूला ठेवला असता. मी तेही तिला सांगितले.

“दिसस ना पन?” तिने विचारले.

“दिसतो ठसा. दरवर्षी जास्त दिसेल.”

तिने डॉलर उन्हात कलवला. उजेडाचे आरे त्या रेषांवरून गेले, तिथे किंचित मंदावले आणि पुढे फिरत राहिले. मग तिने तो विड्याच्या पानावर ठेवला आणि साडीच्या खोक्यातला कागद, दुमड न बिघडवता, जपून बाजूला काढून ठेवला.