हवालदारणीचा उंबरा

हवालदारणीच्या घरात शिरणाऱ्या पुरुषाला आधी उंबऱ्यावर थांबून तोंड उघडावं लागे. "हा कर," ती म्हणे. तो हा करी, ती नाक पुढं करून हुंगे आणि मगच वाटेतून बाजूला होई. पोस्टमन, जावई, पाटील, सोयरीक घेऊन आलेले पाहुणे, कोणालाही सूट नव्हती. एकदा शाळातपासणीला आलेले साहेब पाणी मागायला तिच्या दारात उभे राहिले. मी मागून खुणा करीत होते, पण तिनं त्यांनाही हा करायला लावलं. साहेबांनी मुकाट्यानं केलं. "पान खाल्लंय," तिनं निकाल दिला. "या आत."

तिचं गाव पोलादपूरच्या पुढं, आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी. मी महाडची, नवीनच लागलेली शिक्षिका. तिच्या पडवीतली खोली मला भाड्यानं मिळाली होती. नवरा पलटणीत हवालदार होता म्हणून ती हवालदारीण. मी गेले तेव्हा तो जिवंत नव्हता. पलटणीत त्याला सांज झाली की रम मिळायची. पेन्शन घेऊन घरी आला तर राज्यात दारूबंदी. मग रानातली हातभट्टी सुरू झाली आणि त्या दारूनं त्याला संपवलं. "सरकारनंच प्यायला शिकवलं नि सरकारनंच बाटली काढून घेतली," ती म्हणे. "मधल्यामधी माझा माणूस गेला."

तरी तिचा एकुलता एक मुलगा, सदा, भरतीला गेलाच. त्या खोऱ्यात घरटी एक मुंबईला आणि एक पलटणीत, अशीच रीत होती. तिनं अडवलं नाही. फक्त निघायच्या दिवशी त्याला गावदेवीच्या देवळात नेलं आणि बेलभंडार उचलून शपथ घ्यायला लावली. दारूचा थेंब ओठाला लावायचा नाही, लावलास तर आई मेली समज. सदा आईच्या शब्दाबाहेर जाणारा नव्हता. तेव्हा तिला त्या शपथेचा मोठा आधार वाटायचा.

मग चीनची लढाई लागली. सदाची पलटण बर्फात गेल्याचं एका पत्रातून कळलं आणि त्यानंतर पत्रं थांबली. हवालदारणीनं त्या थंडीत घोंगडी सोडली. नुसत्या जमिनीवर लुगड्याचा पदर ओढून निजायची.

"काकी, तुम्ही कुडकुडून त्याला काय ऊब मिळणार आहे?" मी विचारलं.

"त्याला नाय मिळायची, बाई. पण मला कळंल तरी."

शेजारच्या वाडीतला विठू जखमी होऊन सुट्टीवर आला. बर्फात त्याच्या डाव्या पायाची बोटं गेली होती. हवालदारणीनं त्याला चहाला बोलावलं, उंबऱ्यावर हुंगून आत घेतलं आणि बूड टेकायच्या आत विचारलं, "तिथं पितात?"

"सांजेला देतात, काकी. साहेबच देतो."

"तू पीत होतास ना? मग बोटं कशी गेली?"

"बोटं गेली ती बूट भिजले म्हणून. पण डोकं शाबूत रायलं ते त्या घोटानं. सांजेला रमचा मग हातात आला की वाटायचं, आजचा दिवस निभावला. चौघं जवळ बसायची, कोण हसायचं, कोण बायकोवरनं चिडवायचं. आमच्यात एक माळकरी होता. त्याचा वाटा आम्ही प्यायचो. तो आपला बाजूला एकटा बसायचा."

"मग त्याचं काय झालं?"

विठूनं उरलेला चहा एका घोटात संपवला. "चहा झाक झालाय, काकी," तो म्हणाला आणि काठी टेकत उठला.

त्या दिवसापासून तिचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. चुलीवरची भाकरी करपायची, म्हशीला दोनदा पाणी दाखवायची. महाडला गेले तेव्हा मी तिथल्या डॉक्टरांना सरळ विचारलं. ते म्हणाले, दारूनं ऊब वाटते, येत नाही. उलट अंगातली असते तीही बाहेर जाते. मी मोठ्या खुशीत येऊन तिला हे सांगितलं.

"डॉक्टर गेलाय कधी बर्फात?"

"नाही."

"मंग विठू गेलाय." थोड्या वेळानं स्वतःच म्हणाली, "पण विठूची बोटं नायत. गो बाई, कोणाचं धरू?"

शेवटी तिनं गुरवाला कौल लावायला सांगितलं. देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या फुलाची पाकळी चिकटवायची. उजवी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. सदाला शपथेतून सोडू का, असा प्रश्न. डावी पडली. तिनं पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा डावीच.

"परत लाव."

"वैनी, देवीला किती वेळा पुसशील?"

"ती हो म्हणेस्तोवर."

गुरव हात जोडून मागं सरला. तेव्हा ती स्वतः पुढं झाली, देवीच्या पायाशी नाक घासलं आणि भंडाऱ्याची चिमूट उचलून म्हणाली, "शपथ मी घातली व्हती, मीच सोडते. पाप काय लागायचं ते मला लागू दे. पोराच्या वाटेला जाऊ नको." गुरवाचं तोंड पडलं.

घरी येताच तिनं मला पत्र लिहायला बसवलं. "लिव्ह, शपथ सुटली. पी असं मी सांगत नाय. नको पिऊ असंबी सांगत नाय. मी हितं उनात बसल्येय, थंडी तुला वाजत्येय. तूच ठरव." मी दुसऱ्याच दिवशी पोलादपूरला जाऊन ते फौजी पत्त्यावर टाकलं. उत्तर आलं नाही. पोस्टमन दिसला की ती गोठ्यात जाऊन उभी राही आणि तो पुढं गेला की बाहेर येई. पत्र पोचलं नाही तर काय, आणि पोचलं तर काय, दोन्ही धास्त्या तिनं होळीपर्यंत वागवल्या. सुटलेलं पोर बापाच्या वाटेला लागलं तर, असं ती एकदाच बोलली.

होळीनंतर सदा आला. वाळला होता, गालांची कातडी काळी पडून सोलली होती, पण धड होता. सगळी आळी अंगणात जमली. सामान खाली ठेवून तो सवयीनं उंबऱ्यावर थांबला, वाकला आणि तोंड उघडून म्हणाला, "आये, हुंग."

हवालदारणीनं त्याच्या तोंडावर तळवा ठेवून ते मिटवलं.

"आत चल. भाकरी निवत्येय," ती म्हणाली आणि दारातून बाजूला झाली.

मागोमाग गुरव आला, त्याला मात्र तिनं थांबवलं. "तू हा कर."

सदाला तिनं पुढंही कधी विचारलं नाही. तो सुट्टीवर असला की सांजेला तो परत येईपर्यंत ती उंबऱ्यावर बसून राही. पावलं वाजली की तोंड भिंतीकडं फिरवी आणि तो आत गेल्यावर उठे. वर्षभरात माझी बदली झाली. नंतर ती गेल्याचं कुणाकडून तरी कळलं.

माझा धाकटा मुलगा आता सैन्यात आहे, यंदा वर उत्तरेला. तो पितो का, असं नात्यातल्या बायका मला विचारतात. मला माहीत नाही. तो सुट्टीवर येतो तेव्हा मी दार उघडते आणि बाजूला होते.