सोनमाशाचा रंग

आज सकाळी टाकीवर ऊन आलं आणि सोनमाशाची पाठ पुन्हा केशरी झालेली दिसली. महिनाभर मी त्याच्या खाद्यात शेवाळाची भुकटी मिसळतो आहे. भुकटी असते गर्द हिरवी, माशाच्या अंगी लागते ती केशरी होऊन. त्याला रंग स्वतःचा स्वतः तयार करता येत नाही, कुणीतरी तो खाऊ घालावा लागतो.

माशाचा रंग जरा उतरला की मला लगेच कळतं. दोन वर्षांपूर्वीही कळलं होतं. टाकीपुढे बसून मी भुकटी घातलेलं खाद्य कणकेसारखं मळत होतो. बायकोला म्हणालो, "अगं, कल्ल्यापाशी बघ कसा फिका पडलाय." ती मागे दाराला टेकून उभी होती. हसून म्हणाली, "माशाचं बरं कळतं हो तुम्हाला. माझ्याकडे बघा की एकदा."

"बघतो, हात भरलेत," मी म्हणालो. मागे वळलो नाही.

हात धुतले, पण बघायचं राहिलं. तिच्या अंगातलं रक्त आटत चाललंय, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा फार उशीर झाला होता. ती गेल्यावर भेटायला येणाऱ्यांना मी सांगत राहिलो, "तिनं कधी बोलूनच दाखवलं नाही." ते खोटं आहे. तिनं सांगितलं होतं.

मघाशी शेजारच्या वहिनी आल्या. "काय रंग आलाय, भावजी! नजर आहे हं तुम्हाला," म्हणाल्या. त्या गेल्यावर मी टाकीपुढे बसून राहिलो. काचेत माझ्या मागचं दार स्वच्छ दिसत होतं.

तेव्हाही दिसत असणार.