गल्लीचं उसनं फ्रेंच

आमच्या गल्लीत थोडंफार फ्रेंच सगळ्यांनाच येतं. मासळीवाल्याशी घासाघीस करायला ते लागत नाही. पण डॉक्टरसमोर, बँकेत, किंवा राजधानी ट्युनिसहून मुलगी मागायला पाहुणे आले की आपली अरबी घरच्या पायजम्यात बाहेर आल्यासारखी वाटायला लागते. अशा वेळी बिझर्तच्या जुन्या बंदरामागची आमची अख्खी गल्ली मोंजीकाकांना हाक मारते.

मोंजीकाका न्हावी. तरुणपणी हम्मामेतच्या हॉटेलात पाहुण्यांच्या दाढ्या करता करता त्यांनी फ्रेंच उचललं, हॉटेलातल्या नम्रपणासकट. अजूनही खुर्चीत कुणी बसलं, अगदी जाळ्याचा वास घेऊन आलेला कोळी असला, तरी मान किंचित कलती करून केस किती कापायचे ते फ्रेंचमध्ये विचारणार, "थोडे की बरेच, मस्यू?" त्यांची ही नक्कल मी कात्रीच्या कचकच आवाजासकट करते. काकांनी एकदा ती पाहिली आणि मान अजून थोडी कलती हवी म्हणून सांगितलं.

डॉक्टरकडे मात्र त्यांची तऱ्हा वेगळी. डॉक्टर नाकातून भलं मोठं भाषण ठोकतात आणि काका आजाऱ्याकडे वळून म्हणतात, "विशेष काही नाही, मीठ कमी कर." ते गोड करून सांगतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून तर त्यांना नेतात. एका आजाराचं नाव तर आमच्याकडे अरबीत कुणी घेतच नाही, 'तो ओंगळ आजार' म्हणतात. फ्रेंचमध्ये तेच नाव कुठल्याशा स्टेशनच्या नावासारखं सहज निघून जातं.

या वसंतात काका स्वतःच्या बायकोला, साबिहाकाकूला, घेऊन गेले. तिच्या छातीत गाठ होती. परत आल्यावर गल्लीला कळलं ते एवढंच की गाठ साधी आहे, काकूने खुशाल स्फाक्सला जाऊन लेकीचं, नजलाचं, बाळंतपण करावं, मग औषधाचं बघू.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या स्वयंपाकघरात काकूबरोबर वाटाणे सोलत होते. काका जेवायला आले. काकूने वर न बघताच विचारलं, डॉक्टर इतका वेळ काय बोलत होते. काका म्हणाले, सांगितलं की. तिने पुन्हा विचारलं. मग काकांनी सुरू केलं ते सरळ फ्रेंचमध्येच, मान कलती, आवाज मऊ.

"माझ्याशी हॉटेलातल्यासारखं बोलू नको," काकू म्हणाली. "शेजारच्या हलीमाला तू मीठ कमी कर म्हणालास, तेव्हा मी तिथेच बसले होते. तुझं तोंड मी पाहिलंय. काल तेच तोंड होतं."

"पोरगी बसलीये इथे."

"बसू दे. ती तुझी नक्कल करते, तिला सगळं कळतं. आपल्या भाषेत सांग."

काका उभेच राहिले. हातातला पाव त्यांनी ताटलीत ठेवला, परत उचलला. मग एकेक शब्द काढत सांगितलं, की तो ओंगळ आजार आहे. मग ते नावसुद्धा अरबीत घेतलं. औषधं याच आठवड्यात सुरू करायची, मग ऑपरेशन. बाळंतपणापर्यंत थांबायचं नाही, असं डॉक्टर दोनदा म्हणाले होते.

"आणि मला तू स्फाक्सला पाठवत होतास."

"तू आनंदात होतीस," काका म्हणाले. "मला तोंड उघडवेना."

काकू रागावेल असं मला वाटलं. तिने हातातली शेंग सोलून संपवली. केसांचं विचारलं. जातील, काका म्हणाले.

मग तिने डोक्यावरचा रुमाल सोडला, खुर्ची खिडकीशी ओढली आणि टॉवेल गळ्याभोवती घेऊन बसली. "औषधाने नेण्याआधी तूच काप."

काकांनी दुकानातून कात्री आणली. तिच्यामागे उभे राहिले, पण कात्री केसांना लावेनात. मला तर वाटाण्याच्या टोपलीतून डोकं वर काढवेना.

"अरे, विचार की," काकू म्हणाली. "गिऱ्हाइकाला विचारतोस तसं. आता बोल तुझं फ्रेंच."

काकांनी मान कलती केली. "थोडे की बरेच, मादाम?"

"बरेच," ती फ्रेंचमध्येच म्हणाली, आणि मला नजलाला फोन लावून द्यायला सांगितलं.