मेहुण्यांची पर्शियन मांजर

साऱ्या रत्नागिरीत साधं मांजर एकही नाही, असं मनापासून मानणारे एकच गृहस्थ होते. ते म्हणजे माझे मेहुणे, ताईचे यजमान. शाळेत ते भूगोल शिकवत. मी वाचनालयात कामाला होतो, आणि मांजरांच्या जातींवरचं एक जाड, सचित्र इंग्रजी पुस्तक त्यांच्या हाती मीच दिलं. ते वाचून त्यांनी आळीतल्या सगळ्या मांजरांच्या जाती ठरवून टाकल्या. मिरकरवाड्याच्या धक्क्यावर जन्मलेली निळसर डोळ्यांची भाटी मांजर सयामी ठरली. शेजाऱ्यांच्या बोक्याची शेपटी रिक्षाखाली गेली ती सगळ्यांच्या डोळ्यांदेखत; तरी त्याला मेहुण्यांनी बिनशेपटीच्या मँक्स जातीत घातलं. मी रिक्षाची आठवण करून दिली तेव्हा म्हणाले, "रिक्षा होती हे मान्य. पण शेपटीचा जाण्याकडे मुळातच कल होता." आळीत पहिला टीव्ही आला तेव्हा रविवारी संध्याकाळी सगळे पिक्चर बघत, आणि हे टीव्हीवर उबेला बसलेल्या मांजराचे कान.

त्यांची स्वतःची बेगम ही पर्शियन. केस जरा लांब होते, एवढाच पुरावा. तोही मला कधी पटला नाही. ताईच्या जुन्या फणीनं ते रोज तिला विंचरत. एकदा तिचा कान चिघळला, तेव्हा तिला पिशवीत घालून गुरांच्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, "मास्तर, मी म्हशी बघतो." "मग ही लहान म्हैस समजा," मेहुणे म्हणाले, "पण पर्शियन."

दूध मांजराला बाधतं असं पुस्तकात होतं, म्हणून दूध बंद झालं. मासे हवेत, बिनमिठाचे, उकडलेले, काटे काढलेले. आमच्या दोन्ही घरांत कुणी कधी माशाला शिवलेलं नाही. मेहुण्यांनी विहिरीपलीकडे तीन दगडांची चूल मांडली, वेगळं पातेलं केलं. मासे देणारी मावशी रोज छेडायची, "काय मास्तर, मांजराचं नाव सांगून तुमीच खाताव ना?" "नाही गो, नुसता वास घेतो," ते म्हणत, आणि ते अगदी खरं होतं. शिळा मासा मांजराला नको, म्हणून काटे काढून झाले की ते डोळे मिटून ताटलीवर वाकत, वास घेत, एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा करीत आणि मोठ्यानं म्हणत, "उत्तम आहे!" मगच बेगम तोंड लावी.

ऐन आंब्याच्या दिवसांत मेहुणे अचानक गेले. दुसऱ्याच दिवशी मावशी दाराशी आली. "मास्तर गेले, पर मांजराला पोट हाय ना," म्हणत तिनं दोन बांगडे मागच्या पायरीवर ठेवले. सुतकाच्या घरात ताईनं नाकाला पदर लावून ते उकडले. बेगमनं हुंगलेसुद्धा नाहीत. असे तीन दिवस गेले. मांजराचा एवढा उपास जिवावर बेततो, हे मेहुण्यांनीच आम्हाला सांगून ठेवलं होतं.

"हिला जाऊ देऊ नको रे," ताई मला म्हणाली. "त्यांचं म्हणून घरात एवढंच हलतंचालतं उरलंय."

त्या दिवशी काटे मी काढले. बेगम हातभर अंतरावर बसून बघत होती. ताटलीकडे नव्हे, माझ्याकडे. तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी वाकलो, डोळे मिटले, वास घेतला.

"उत्तम आहे," मी म्हणालो.

बेगम हलली नाही.

"मोठ्यानं म्हण," मागच्या दारातून ताई म्हणाली. "ते मोठ्यानं म्हणायचे."

मी पुन्हा वाकलो. "उत्तम आहे!"

बेगम उठून आली. दोन घास खाऊन तिनं एकदा फाटकाकडे पाहिलं, मग मान खाली घालून ताटली संपवली. आता रोज सकाळी वाचनालयात जाण्याआधी मी ताईकडे जातो.

ते पुस्तक मी परत कपाटात लावलं आहे. लावताना पर्शियनच्या पानात बेगमचा एक केस सापडला. तो तसाच राहू दिला. चांगला लांब आहे.