मध्यंतराआधी लावलेलं शेवटचं रीळ

सुडलैमुत्तूच्या हातून रीळ चुकलं असं कुणी सांगितलं असतं, तर आमच्या गावानं त्याला वेड्यात काढलं असतं. ताम्रपर्णीकाठच्या आमच्या टॉकीजमध्ये एका यंत्रावरचं रीळ संपत आलं, की पडद्याच्या कोपऱ्यात बारीकसा ठिपका चमकायचा आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत सुडलै दुसरं यंत्र सुरू करायचा. खालच्या लोकांना सांधा कळायचा नाही. कळायचा तो एकट्या वडिवूला.

वडिवू त्याच्या थोरल्या भावाची, इसक्कीअण्णाची पोर. लहानपणी काकाचा जेवणाचा डबा घेऊन यायची आणि भट्टीसारख्या तापलेल्या त्या खोलीत, स्टुलावर उभी राहून भिंतीतल्या भोकातून सिनेमा बघायची. "चित्तप्पा, ठिपका आला!" असं सुडलैच्या आधी तीच ओरडायची; काकाला ती चित्तप्पाच म्हणायची. सुडलैला मूलबाळ नव्हतं. जो काही जीव होता तो या पोरीत.

त्या दुपारी प्रेमाचा सिनेमा लागला होता, तिसरा आठवडा चालू होता. श्रीमंताची लेक, दुसऱ्या जातीचा पोरगा, आणि शेवटच्या रिळात पोरीचेच लोक दोघांना रेल्वे फाटकापाशी कोयत्यांनी तोडतात. सगळं गाव रडायला जायचं, पुन्हा पुन्हा जायचं. वडिवूला तर तो तोंडपाठ होता. गाणं संपलं तशी पोरांनी "वन्स मोअर"ची बोंब ठोकली. सुडलैनं हसत हसत रीळ मागं गुंडाळून गाणं परत लावलं. एवढ्यात दार धाडकन उघडलं आणि इसक्की आत आला. त्यानं खांद्यावरचं उपरणं काखेत दाबून धरलं होतं आणि त्याखाली कोयत्याची मूठ दिसत होती.

"दिवे लाव."

"चालू सिनेमात? अण्णा, लोक मला फाडून खातील."

"वडिवू आत आहे. कपड्यांची पिशवी घेऊन शिरलीय. तो सायकलवाला तंगदुरै पण आत आहे, पुरुषांकडं. दोघं पळून चाललेत. मेव्हणे मोठ्या दारात उभे केलेत मी."

"पोर आहे, अण्णा. घरी नेऊ, समजावू."

"तिला समजावून झालं. आता गावाला समजावायचंय."

"अरे, मुलगी आहे तुझी!"

"म्हणूनच." इसक्कीनं स्टूल ओढून दाराला लावलं. "राहू दे. मध्यंतराला दिवे लागतीलच. तोवर मी हलत नाही आणि तूही हलायचं नाहीस." असं म्हणून त्यानं दुसऱ्या भोकाला डोळा लावला.

मध्यंतराला एकच रीळ उरलं होतं. सुडलैनं आपल्या भोकातून खाली बघितलं. बायकांच्या बाजूला, खांबाजवळच्या पंख्याखाली, अंधारात मोगऱ्याचा पांढरा गजरा दिसत होता. वडिवूची जागा ठरलेली. मध्यंतराच्या गर्दीत निसटायचं ठरवून बसली असणार आणि दिवे लागताच सगळ्यांच्या आधी उठणार. हाक मारावी तर भाऊ मागं उभा, खाली धावावं तर दारात स्टूल. आता हिला सांगू तरी कसं?

त्यानं रिळांच्या डब्यांकडं हात नेला. वरचा डबा उचलायचा होता, तो सोडून त्यानं सगळ्यांत खालचा काढला. इसक्कीला सगळे डबे सारखेच, आणि त्याचं लक्षही खाली गर्दीकडं. फिल्म ओवताना सुडलैची बोटं भाजली तरी त्याला कळलं नाही. पडद्यावर ठिपका चमकला आणि त्यानं यंत्र सुरू केलं.

रेल्वे फाटक. कोयते. हिरो रक्तात पडलेला.

मग जो गदारोळ उठला, विचारू नका.

"ए ऑपरेटर! झोपलास काय रे?"

"हिरो आत्ताच मेला! आता मध्यंतरानंतर काय त्याचं भूत नाचणार?"

शिट्ट्या, चपला, सोड्याच्या बाटल्या. पुरुषांची धुसफूस सुरू झाली की आमच्या बायका पोरं काखेत मारून मागच्या बायकांच्या दारानं गल्लीत निघतात, तशा त्या निघाल्याही. गजरा मात्र जागचा हलेना. ऊठ गं बये, सुडलै मनात म्हणाला, तुझा चित्तप्पा कधी चुकलाय का? ऊठ!

मग ती वळली. वर, उजेडाच्या झोताकडं तिनं एकदाच बघितलं. पदर डोक्यावर घेतला आणि बायकांच्या लोंढ्यात शिरली. पलीकडं पुरुषांच्या बाजूनं मधल्या बांबूच्या कठड्यावरून कुणीतरी उडी टाकली.

"का बोंबलताहेत हे?" इसक्की ओरडला.

"रीळ चुकलं, अण्णा."

"मग दिवे लाव ना!"

सुडलैला बटण सापडेना. भिंतीवर तो नको तिथंच चाचपत राहिला. दिवे लागले तेव्हा पंख्याखालचं बाक रिकामं होतं, आणि मेव्हणे पुरुषांच्या गर्दीत अडकले होते.

इसक्कीनं मुठीवर हात ठेवून भावाकडं बघितलं. "तू चुकत नाहीस, सुडलै."

"आज चुकलो."

सुडलैनं मान खाली घातली आणि तो वार होण्याची वाट बघत राहिला. इसक्की भिंतीवर थुंकला आणि निघून गेला.

मालकानं भर चौकात सुडलैची अब्रू काढली. पुढं तो चहाला गेला की टवाळ पोरं विचारायची, "काय उलटेराव, आज कुणाला आधी मारलंत?" ज्या एका गोष्टीचा त्याला अभिमान होता, तीच गेली. त्याला ते फार लागायचं. तरी त्यानं बायकोलाही खरं सांगितलं नाही. इसक्कीनं बोलणं टाकलं. पोंगलला भावाच्या दारातला गोड भातही तुटला.

पुष्कळ वर्षांनी टॉकीज बंद झालं. शेवटच्या दिवशी सुडलै यंत्र पुसत होता, तेव्हा जिन्यावर कुणाची तरी धाप ऐकू आली. इसक्की होता. गुडघे धरत आला आणि त्याच स्टुलावर टेकला.

"त्या दिवशी मी पडद्याकडं बघितलंच नव्हतं," तो म्हणाला. "त्या सिनेमात... शेवटी त्या दोघांचं काय होतं रे?"

"सिनेमातली मरतात, अण्णा."

इसक्कीनं मान वर करून भावाकडं बघितलं.

"आपली तिरुप्पूरला आहेत," सुडलै म्हणाला. "त्यांची पोरगी शाळेत जाते. नाक अगदी तुझं."

इसक्कीनं खांद्यावरचं उपरणं तोंडावर घेतलं आणि तो लहान पोरासारखा रडला. सुडलै पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

"बरं चुकलास रे," इसक्की उपरण्यातूनच म्हणाला. "फार बरं चुकलास."